दर्भाचा कावळा

संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, "काशी, गंगा, पहाट, पक्षी असं काहीतरी प्रसन्न लिहा. दिवाळीचा अंक आहे." मी हो म्हटलं. आता लिहायला बसले आहे तर प्रसन्न काही सुचत नाही. राग मात्र भरपूर शिल्लक आहे. तेव्हा वाचकांनी हे वाचताना फराळाचं ताट जरा बाजूला ठेवावं, घास अडकायला नको.

आधी माझं काम सांगते. लग्न होऊन बालाजी घाटाजवळच्या गल्लीत आले तेव्हा सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता. तिथे मी रिटचिंग शिकले. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने देवीचे व्रण बुजवायचे, डोळ्यांखालची काळजी पुसायची, आणि मुलीचा फोटो स्थळाकडे पाठवण्याजोगा करायचा. पुढे पेन्सिल गेली, कॉम्प्युटर आला. मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि स्टुडिओच गेला. मी तोवर नदीकाठच्या पक्ष्यांचे फोटो काढायला लागले होते. लोकांना ते आवडले, आणि 'आमचेही जरा नीट करून द्या' म्हणत ते आपापले फोटो पाठवू लागले. गेली कित्येक वर्षं माझं पोट त्यावर चालतं. लखनौ, पाटणा, पुणे, कुठकुठले पक्षी माझ्या पडद्यावर येऊन बसतात.

न जाणणाऱ्यांना वाटतं, एडिटिंग म्हणजे लबाडी. तसं नाही. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल मळून ठेवलेल्या कणकेसारखी असते. त्यात सगळं असतं, पण पोळी व्हायची बाकी असते. उजेड कमी पडला असेल तर वाढवायचा, पाण्यावरची चकाकी उतरवायची, वाकडं क्षितिज सरळ करायचं, भोवतीची फालतू जागा कापून पक्षी जवळ आणायचा, डोळ्यातला ठिपका दिसेल इतपत धार द्यायची. हे सगळं मी बिनदिक्कत करते. माझा नियम एकच आहे. असलेलं नीट दिसू द्यायचं, असलेलं पुसायचं नाही आणि नसलेलं घालायचं नाही.

कुणी म्हणेल, मग देवीचे व्रण कसे पुसलेत? तर तो चेहरा ज्याचा होता तो समोर स्टुलावर बसून सांगत होता, की पुसा. पक्षी कधी माझ्याकडे येऊन काही सांगत नाही.

पण गिऱ्हाइकांना हे पटवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. थंडीत आमच्या नदीवर कुरव येतात, पांढरेशुभ्र, थव्याने. इथे त्यांना सगळे 'साइबेरियन' म्हणतात. नाववाले 'आव, आव' करून त्यांना बोलावतात, प्रवासी शेवेची पाकिटं फोडून मूठमूठ उधळतात, आणि हजारो कोसांवरून आलेले ते पक्षी बेसनाच्या शेवेवर तुटून पडतात. लखनौच्या एका बड्या गृहस्थांनी असाच एक फोटो पाठवला. पक्षी उत्तम पकडला होता, पंख पूर्ण उघडलेले, डोळा लख्ख. चोचीत शेव. गृहस्थांचं म्हणणं, शेव काढून तिथे मासा घाला, स्पर्धेला पाठवायचा आहे. मी विचारलं, "मासा घालते. पण मागे तुमच्या सौभाग्यवतींच्या हातात शेवेचं पाकीट दिसतंय, त्याचं काय करू?" ते म्हणाले, "उनको भी हटा दीजिए." बायकोसकट पुसायची तयारी! मी फाइल परत पाठवली. दुसऱ्या कुणीतरी त्यांना मासा घालून दिला असणार. तो पाहण्याची इच्छा नाही.

ही गोष्ट मी लालजीला सांगितली. लालजी म्हणजे पंचगंगा घाटावरचा माझा नाववाला. वर्षानुवर्षं मला पलीकडे नेतो, आणि थंडीत स्वतःच्या नावेत शेवेची पाकिटंही विकतो. त्याला गृहस्थांचा राग आला, पण वेगळ्याच कारणाने. "हमरे सेव में कवन खराबी बा, दीदी?" तो म्हणाला, आणि दिवसभर घुश्शात वल्ही मारत राहिला.

आता ज्या माणसामुळे हा लेख लिहावा लागला त्याच्याकडे येते. आमच्या मागच्या गल्लीतला श्रीपाद. त्यांचं घराणं काशीत पिढ्यान् पिढ्या आहे. वडील शाळेत संस्कृत शिकवायचे. श्रीपाद चाळिशीचा, हॉटेलांतून नोकऱ्या केलेला, बोलायला गोड. घरात मराठी, पण तीत हिंदी अशी मिसळलेली की वेगळी काढता येऊ नये. मला काकू म्हणतो. मी त्याला लहानपणापासून ओळखते, म्हणूनच राग जास्त.

त्याचे वडील गेले तेव्हा दहाव्याला त्याने मला कॅमेरा घेऊन अमृतराव घाटावर बोलावलं. कराडला त्याची आत्या आहे, वडिलांची धाकटी बहीण. एवढ्या लांब येणं तिला शक्य नव्हतं. तिने एकच मागणं केलं होतं, पिंडाला कावळा शिवल्याचा फोटो पाठव, म्हणजे दादाचं काही राहिलं नाही याची मला खात्री पटेल. मी पायऱ्यांच्या कडेला लांब भिंग लावून बसले. पिंड मांडले. माणसं मागे सरली. कठड्यावर एक कावळा येऊन बसला, मान वाकडी करून त्याने सगळं पाहिलं, आणि ढिम्म हलेना. भटजी म्हणाले, "काही राहिलं असेल तर बोला." श्रीपादने हात जोडले. आईला सांभाळीन म्हणाला. बाबांची पुस्तकं रद्दीत घालणार नाही म्हणाला. बहिणीशी अबोला आहे तो सोडीन म्हणाला, तेव्हा त्याचा आवाज फुटला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, भिंगातून काही दिसेना. कावळा उडाला तो थेट पंचगंगेवरच्या मशिदीच्या दिशेने गेला. ऊन चढलं. अखेर भटजींनी आपल्यात करतात तेच केलं, दर्भाच्या चार काड्यांना गाठ मारून कावळा केला आणि तो पिंडाला शिववला.

संध्याकाळी श्रीपाद घरी आला.

"काकू, फोटोत एक कावळा टाकून द्या ना. तुमच्याकडे तर ढेर असतील."

"आहेत. तोच कठड्यावरचासुद्धा आहे."

"मग काय मुश्किल आहे? दोन मिनिटांचं काम."

"दोन मिनिटांचंच आहे. मी करणार नाही."

"आत्याला चैन पडेल हो. तुमचं काय नुकसान?"

मी तेव्हा चिडून बोलले, पण बोलले ते आजही मला मान्य आहे. म्हटलं, "अरे, आपल्या वाडवडिलांना कावळा येत नाही तेव्हा काय करायचं हे ठाऊक होतं. त्यांनी दर्भाचा केला. पण त्याला काळं फासून खरा म्हणून नाही दाखवला. दर्भाचा आहे तो दर्भाचाच दिसतो, सगळ्यांच्या समोर. त्याचाच फोटो पाठव."

तो तोंड पाडून गेला. पण पाठवला त्याने तोच. दुसऱ्या दिवशी कराडहून फोन आला. आत्याबाई म्हणाल्या, "दर्भाचा शिवला ना? मग झालं. खरा दाखवला असतास तर मी विश्वास ठेवला नसता. दादा कधी कुणाच्या पहिल्या हाकेला आलाय का?" श्रीपादने हे मला हसत हसत येऊन सांगितलं, आणि मला वाटलं, पोराला कळलं.

काही कळलं नव्हतं.

काशीच्या घाटांसमोर, नदीपलीकडे पाणी उतरलं की रेती उघडी पडते. फाल्गुनात त्या रेतीवर, माणसांच्या वर्दळीपासून दूर, 'नदी सुरय' नावाचे पक्षी अंडी घालतात. डोक्यावर काळी टोपी, चोच हळदीसारखी पिवळी, शेपटी दुभंगलेली. घरटं कसलं, रेतीत छातीने केलेला नुसता खळगा. अंडी रेतीच्याच रंगाची, वर ठिपके. नजर सरावलेली नसेल तर पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. चैत्रात रेती तापते तेव्हा अंडी उबवायची नसतात, वाचवायची असतात. नर-मादी आळीपाळीने त्यांच्यावर सावली धरून उभे राहतात. एक जण नदीवर जाऊन पोट भिजवून येतो आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतो. आपण देवावर अभिषेकपात्र धरतो, तसंच काहीसं. मी रेतीत पालथी पडून, अंगावर मळकी चादर घेऊन, लांबून हे पाहत आले आहे. गुडघे कुरकुरतात, पण पाहिल्याशिवाय राहवत नाही.

या रेतीवर एका कंपनीने तंबू उभारले. आत गालिचे, बाहेर उंट, आणि पाहुण्यांना सूर्यास्त दाखवायला जाड टायरच्या गाड्या. पाहुण्यांची सरबराई पाहायला नेमला श्रीपाद. गाड्या पहिल्यांदा तंबूंच्या आसपास फिरायच्या, मग लांब लांब जाऊ लागल्या. मागच्या वर्षी चैत्रात मी एक जोडी टिपली. मादी सावली धरून उभी, पायाशी तीन अंडी, आणि तिसऱ्या अंड्यापासून वीतभर अंतरावर टायरची ताजी खूण, फोटोच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेलेली. मी हा फोटो काढला तो त्या खुणेसाठीच. पुढची गाडी वीतभर इकडून गेली की संपलं, एवढंच त्यात म्हणायचं होतं.

तो मी श्रीपादला दाखवला. तो खरोखर हळहळला. म्हणाला, "काकू, हा मला द्या. मोठा बोर्ड करून लावतो. लोकांना समजलं पाहिजे." मला वाटलं, रेतीवर बोर्ड लागेल, इथे अंडी आहेत, गाड्या आणू नका. मी लगेच दिला. उजेड ठीक केला, क्षितिज सरळ केलं, खुणेला जरा उठाव दिला आणि दिला.

बोर्ड लागला तो रेतीवर नाही. लागला घाटाकडच्या धक्क्यावर, जिथे पाहुणे नावेत चढतात. दोन पुरुष उंच. वर हिंदीत लिहिलेलं, 'यहाँ प्रकृति निर्भय है'. खाली कंपनीचं नाव, आणि त्याखाली माझं. लालजीने नाव वळवून मला दाखवला, त्याला माझा अभिमान वाटत होता. मी पाहिलं तर टायरची खूण नाही. सपाट, स्वच्छ रेती.

माझा धंदाच हा, त्यामुळे कुठे हात फिरला ते लगेच दिसलं. पुसताना शेजारची रेती उचलून खुणेवर लावतात. आळशी माणूस एकच तुकडा पुनःपुन्हा लावतो. एक फुटका शिंपला ओळीने तीनदा दिसत होता. मग माझी नजर मादीच्या पायांकडे गेली. मी अंडी मोजली. पुन्हा मोजली.

दोन.

तिसरं अंडं खुणेबरोबर पुसलं होतं.

मी तशीच तंबूंवर गेले. श्रीपाद पाहुण्यांना ठंडाई देत होता. मी ओरडले असणार, कारण सगळे वळून पाहू लागले.

"काकू, इकडे या, बाजूला या," तो मला सावलीत घेऊन गेला. "नाहक परेशान होताय तुम्ही. डिझायनर दिल्लीला बसतो. त्याला वाटलं दगड आहे."

"या रेतीत दगड कुठून येणार?"

"त्याला काय माहीत? ठीक आहे, मी सांगतो, अंडं परत टाकून देईल."

"आणि टायरची खूण?"

तो म्हणाला, "ती कशी टाकणार, काकू? पर्यटनाचा बोर्ड आहे."

अंडं परत टाकून देईल! माणसाने हे वाक्य उच्चारावं आणि त्याची जीभ अडखळू नये? अंडं हवं तर घालतो, नको तर काढतो. घालण्याचं काम खरं त्या पक्षिणीचं आहे, दिल्लीत बसलेल्या डिझायनरचं नाही.

त्याच आठवड्यात मी रेतीवर गेले तेव्हा टायर त्या खळग्यावरून गेला होता. तीन अंड्यांपैकी एकही उरलं नव्हतं. रेतीत पिवळा डाग सुकला होता. जोडी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती, आणि मी फोटो काढला नाही. हात वर झाला नाही.

दोन-तीन दिवसांनी भानावर आले तेव्हा तक्रार करायला गेले. ज्या ज्या दारात जायला हवं त्या त्या दारात गेले. एका कार्यालयात साहेबांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं, आणि मग फोनवर मला धक्क्यावरच्या बोर्डाचा फोटो दाखवला. "ये तो आप ही का है, मैडम. नाम भी आपका है. इसमें गाड़ी के निशान कहाँ हैं?" मी माझी मूळ फाइल दाखवली. त्यांनी ती पाहिली, हसले आणि म्हणाले, "आप तो एडिटिंग का ही काम करती हैं न?"

मला आयुष्यात असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. ज्यांनी पुसलं त्यांचा फोटो खरा, आणि जिने काढला तिचा बनावट. पक्षी टिपणाऱ्यांच्या आमच्या गटात मी मूळ फोटो टाकला, तर तिथेही एका शहाण्याने विचारलं, टायरच्या खुणा नंतर घातल्या का, बोर्डावर तर दिसत नाहीत. हेच लोक झुडपात बसलेला पक्षी उडावा म्हणून खडे मारतात, घरटं नीट दिसावं म्हणून भोवतीच्या फांद्या तोडतात, पिल्लं उन्हात उघडी पडली तरी यांचा फोटो मोकळा आला की झालं. त्यांना मी काय समजावणार?

माझं नाव बोर्डावरून काढा म्हणून मी श्रीपादच्या मागे लागले. तो प्रत्येक वेळी 'हो काकू' म्हणाला. बोर्ड पावसाळ्यापर्यंत तसाच होता.

या वर्षी फाल्गुन आला, चैत्र आला, वैशाखही सरत आला. रेतीवर एकही सुरय उतरला नाही. मी लालजीला वर-खाली हिंडवलं. तो म्हणाला, "चुनार ओर चल गइल होइहन, दीदी. एहर कवन सुख बा?" गेले असतील तर बरंच आहे. पण ते चुनारला गेले, की कुठेच गेले नाहीत, हे मला माहीत नाही, आणि तेच टोचत राहतं. रिकाम्या रेतीकडे पाहताना मला कुणीतरी गेल्यासारखं वाटतं. सुतक पाळायचं कुणाचं ते मात्र ठरवता येत नाही.

अशात श्रीपादचा फोन आला. आवाज नेहमीसारखा गोड.

"काकू, नवीन बोर्ड करतोय. या वेळी तुमच्याकडूनच करून घेऊ म्हटलं, म्हणजे तुमची शिकायत राहणार नाही. वरून काढलेला रेतीचा फोटो पाठवलाय, बघा."

मी पाहिला. तंबू, नदी, लांबच लांब रेती. उजेड मार खाल्लेला, सगळं धुरकट.

"यात पक्षी नाहीत रे."

"हो ना. या साली आलेच नाहीत. तुमच्या जुन्या फोटोतले चार-सहा टाकून द्या. दोन मिनिटांचं काम."

रागाने बोलायचं सगळं मागच्या वर्षी बोलून झालं होतं. मग विचारलं, "श्रीपाद, घाटावर कावळा आला नाही तेव्हा आपण काय केलं होतं?"

"दर्भाचा केला."

"त्याच्या आधी?"

मागे कुणीतरी उंटवाल्याला हाक मारत होतं.

"भटजी म्हणाले, काही राहिलं असेल तर बोला," तो हळू आवाजात म्हणाला.

"मग बोलला होतास ना तू? हात जोडून, सगळ्यांसमोर. आता तसाच रेतीवर जा आणि बोल. गाड्या आणणार नाही म्हण."

"कंपनी माझी नाही, काकू."

"नसू दे. तंबूत उभा तर तूच असतोस. तू बोल. तरी ते नाही आले, तर दर्भाचे करू. मी स्वतः गाठी मारून देईन, आणि बोर्डावर लिहू, की हे दर्भाचे आहेत."

मी फोन ठेवला.

मग मी त्याची फाइल उघडली. काम आलं की ते नीट करायचं, ही सासऱ्यांची शिकवण. क्षितिज जरा कलतं होतं, ते सरळ केलं. धुरकटपणा काढला. सावल्या गडद केल्या, उजेडाला उठाव दिला. पुसलं काही नाही, घातलं काही नाही. जसजशी रेती स्वच्छ होत गेली तसतशा तिच्यावरच्या टायरच्या खुणा वर येऊ लागल्या. आधी एक, मग पाच-सहा, मग मोजता येऊ नयेत इतक्या, एकीवर एक. जिथे मी वर्षानुवर्षं चादर पांघरून पडून राहायचे, तिथेही.

फाइल त्याला पाठवून दिली. फोटोखाली माझं नाव आहे. या वेळी ते मी माझ्या हाताने घातलं.